हायब्रिड सोडून रोड बाईक घेतली, तर वेग किती वाढतो?

सायकलीच्या प्रश्नपेटीत या वेळी कोल्हापूरकडची पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: सरळ हँडलची हायब्रिड विकून वाकड्या हँडलची हलकी रोड बाईक घ्यावी का? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. हिशेब जिथे मांडला आहे तिथे ७२ किलोचा स्वार, पेडलवर सलग १५० वॅट ताकद, साडेतेरा किलोची हायब्रिड आणि साडेनऊ किलोची रोड बाईक धरली आहे. १५० वॅट म्हणजे आठवड्यात तीन-चार वेळा नेटाने सायकल मारणारा, पण शर्यतीत न उतरणारा माणूस. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दोन सायकलींमधलं अंतर साधारण हेच राहील.

प्रश्न : माझी हायब्रिड ७०० बाय ३८ टायरची आहे. हातकणंगले-जयसिंगपूरच्या सपाट रस्त्याला कितीही जोर लावला तरी २५ च्या वर टिकत नाही. रोड बाईक घेतलीस की आपोआप ३० होईल, असं मित्र सांगतात. खरं आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपोआप ३० होणार नाही. २८-२९ होईल, आणि वाढलेल्या वेगातला चाळीस टक्के भाग सायकल न बदलताही मिळतो.

२५ च्या वेगाला तुमची साठ-पासष्ट टक्के ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. उरलेली जवळजवळ सगळी टायर खातो. टायर जमिनीला टेकतो तिथे रबर दबतं आणि चाक पुढे गेलं की मोकळं होतं. दबताना घेतलेली ताकद ते पूर्ण परत करत नाही, तिची उष्णता होऊन जाते. हायब्रिडबरोबर येणारे टायर जाड रबराचे, कडक कापडाचे, आत पंक्चर अडवणारा पट्टा असलेले असतात. ते दणकट असतात, पण घासून चालतात. यात रुंदीचा दोष नाही. त्याच बनावटीचा रुंद टायर तेवढ्याच हवेला अरुंद टायरपेक्षा हलका पळतो. दोष बनावटीचा.

आता आकडे. वारा पडलेला, रस्ता सपाट, डांबर बरं. हायब्रिड ताशी २५.३ किलोमीटर जाते. त्याच सायकलीला चांगले हलके टायर चढवले की २६.७. वर बसायची ढब रोड बाईकसारखी केली, म्हणजे छाती खाली आणि हात जवळ, की २८.६. आणि शेवटी चार किलो वजन कमी केलं की २८.७. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. दुकानात सायकल एका बोटावर उचलून दाखवतात ते वजन सपाटीवर ताशी शंभर मीटर देतं.

मित्रांचे ३० अगदीच हवेतले नाहीत. रोड बाईकच्या हँडलचा खालचा वळलेला भाग धरून, कोपरं वाकवून, पाठ आडवी ठेवून राहता आलं तर त्याच ताकदीत ३० च्या आसपास पोचता येतं. पण ती ढब नवख्याला दहा मिनिटंही टिकत नाही. बहुतेक जण रोड बाईक घेतात आणि सगळा वेळ ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून चालवतात. तिथला आकडा २८.७ चा.

गिअर कमी पडतात म्हणून हायब्रिड पळत नाही, हेही ऐकू येतं. तुमचा पुढचा मोठा दाता (पेडलजवळचं दातेरी चक्र) ४८ दातांचा आणि मागचा लहान ११ चा असेल, तर पेडलच्या मिनिटाला ९० फेऱ्यांनी सायकल ५१ च्या वेगाने जाईल. तो गिअर उतार सोडला तर तुम्हाला कधी लागतच नसणार.

आडवं बसण्याने किती फरक पडतो याचा जुना दाखला आहे. १९१४ मध्ये ऑस्कर एगने एका तासात ४४.२४७ किलोमीटर कापले आणि तो विक्रम एकोणीस वर्षं कोणाला मोडता आला नाही. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या फ्रेंच खेळाडूने पाठीवर रेलून चालवायच्या सायकलीवर ४५.०५५ किलोमीटर मारले. पुढच्याच वर्षी जागतिक संघटनेने तसली सायकल शर्यतीतून बाद केली. पाय तेच होते, हवेला दिसणारा माणूस तेवढा लहान झाला होता.

रोड बाईक खरे पैसे वसूल करते ती समोरच्या वाऱ्यात. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून वारा सुटलेला असताना कळे-गगनबावड्याच्या दिशेने निघालात आणि ताशी १४-१५ चा वारा तोंडावर असला, तर सपाट तुकड्यात हायब्रिड १८ वर येते आणि रोड बाईक २१ वर राहते. फरक तोच तीन किलोमीटरचा, पण ३० किलोमीटर अंतराला तो चौदा मिनिटांचा होतो. वारा नसताना त्याच अंतरात आठ मिनिटं वाचतात.

प्रश्न : मग आधी टायरच बदलून बघायचे असतील तर कोणते घ्यायचे? हायब्रिडच्या रिमला रोडचे टायर बसतात का? बसवताना काय सांभाळायचं?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : बसतात. जुन्या टायरच्या बाजूला ३८-६२२ असं काहीतरी उठवलेलं दिसेल. ३८ ही टायरची रुंदी आणि ६२२ हा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये, आणि ७०० सी च्या सगळ्या रोड व हायब्रिड सायकलींचा हा व्यास एकच आहे. त्यामुळे २८-६२२ किंवा ३२-६२२ टायर चालेल. फक्त रिमची आतली रुंदी पाहा, रिमवरच्या स्टिकरवर ६२२ बाय १९ अशी लिहिलेली असते. १७ ते २१ असेल तर २८ चा टायर बिनघोर. २३ किंवा जास्त असेल तर ३२ चा घ्या. आपल्याकडच्या रस्त्यांना आमचा कौल तसाही ३२ ला आहे. ऊस हंगामात ट्रॉल्या शेतातून डांबरावर येतात, काळी माती आणि खडे चाकांबरोबर आणतात, आणि वळणावर २८ चा टायर त्या मातीवर सरकतो. ३२ आणि २८ मधला वेगाचा फरक मोजायला घड्याळ नीट लागेल, इतका थोडा आहे.

तारेच्या कडेचा टायर घेऊ नका, घडी घालता येणारा घ्या. हायब्रिडचा मूळ टायर सहाशे-सातशे ग्रॅम भरतो, घडीचा २८ चा तीनशेच्या आतबाहेर. टायरची जोडी, दोन ट्यूब आणि रिमटेप (रिममधली आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी) मिळून खर्च नव्या रोड बाईकच्या दहाव्या भागाच्या आसपास जातो.

ट्यूब घेताना व्हॉल्व्ह बघा. बऱ्याच हायब्रिडना मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, त्याचं रिममधलं भोक साडेआठ मिलिमीटरचं. रोडच्या ट्यूबचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह साडेसहाच्या भोकासाठी असतो. मोठ्या भोकात तो हलतो, आणि हलून हलून ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. तिथे पॅच बसत नाही, ट्यूबच टाकावी लागते. त्यामुळे जाड व्हॉल्व्हचीच २८-३२ ची ट्यूब मागा, किंवा भोकात बसणारी रबरी-प्लास्टिकची गाळी टाका.

बसवताना : व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा) असेल तर आधी वरची वाकडी नळी सोडवा, म्हणजे चाक निघेल. हवा पूर्ण काढा. जुना टायर काढल्यावर रिमटेप बघा. ती सरकून आऱ्याचं भोक उघडं पडलं असेल तर नवी टाका, नाहीतर जास्त हवेला ट्यूब त्या भोकात फुगून फुटते आणि पंक्चर नेहमी आतल्या बाजूलाच सापडतं. टायरची एक कड रिममध्ये बसवा. ट्यूबमध्ये ती गोल होईल एवढीच हवा भरून आत घाला. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करून दोन्ही हातांनी सरकवत व्हॉल्व्हपाशी संपवा. व्हॉल्व्हपाशी संपवायचं कारण : शेवटच्या घट्ट वितीसाठी बाकीची कड रिमच्या मधल्या खोलगट खाचेत ढकलली की ढील मिळते, आणि व्हॉल्व्हपाशी मात्र ट्यूबचं बूड जाड असल्याने कड त्या खाचेत उतरत नाही. सुरुवात तिथून केली तर ती ढील मिळत नाही. शेवटी लोखंडी पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने ढकलण्याचा मोह होतो. तसं केलं की ट्यूब चिमटते. व्हॉल्व्ह एकदा आत दाबून बाहेर ओढा, टायरच्या कडेजवळची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी रिमपासून सारखी दिसते का बघा, मग हवा भरा.

हवेचं प्रमाण : ७२ किलोच्या माणसाला २८ च्या टायरात पुढे ६५ ते ७०, मागे ७५ ते ८० पीएसआय. ३२ च्या टायरात पुढे ५५, मागे ६५. वजन दहा किलोने जास्त असेल तर पाच-सात वाढवा. टायरवर ११५ लिहिलंय म्हणून ११५ भरायची नाही, ती कमाल मर्यादा आहे. फार कडक टायर खडबडीत डांबरावर उडत राहतो, प्रत्येक उडीला माणूस हलतो आणि ताकद त्यात जाते. कमी हवा असेल तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर बारीक टायर नेऊ नका. त्यात हवा थोडी मावते आणि काटा डोळ्यांदेखत शंभरच्या पुढे जातो. घड्याळ असलेला उभा पंप घरात ठेवा आणि आठवड्यातून एकदा हवा बघा.

हायवेच्या कडेला, शिरोली-कागल पट्ट्यात, फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. बारीक टायरची बहुतेक न समजणारी पंक्चरं त्यांचीच. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून जुना मोजा फिरवा, तार असेल तिथे अडकेल. बोट फिरवलं तर बोटात जाईल.

आणि एक : चाकाला मॅग्नेट लावलेला स्पीडोमीटर असेल तर त्यात चाकाचा घेर बदला. ३८ च्या टायरचा घेर साधारण २१८० मिलिमीटर, २८ चा २१३६. जुनाच आकडा ठेवला तर खऱ्या २८ ला मीटर २८.६ दाखवेल. टायर बदलल्यावरच्या कौतुकात हे अर्ध्या किलोमीटरचं फुकटचं पीक बऱ्याचदा मिसळलेलं असतं.

प्रश्न : हायब्रिडलाच रोड बाईकचं वाकडं हँडल बसवलं तर? फ्रेम चांगली आहे, नवीन कशाला घ्यायची?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : करू नका. हँडल स्वस्त असतं, त्याच्याबरोबर येणारं महाग असतं. सरळ हँडलची नळी २२.२ मिलिमीटरची, वाकड्याची २३.८ ची, म्हणून तुमचे गिअर-शिफ्टर आणि ब्रेकच्या मुठी त्यावर चढतच नाहीत. ब्रेक आणि गिअर एकत्र असलेल्या रोडच्या मुठी घ्याव्या लागतात. त्या जेवढी केबल ओढतात तेवढ्यात व्ही-ब्रेक पुरेसा दाबत नाही, म्हणजे ब्रेकही बदला. हायड्रॉलिक डिस्क असेल तर तेल भरलेली अख्खी व्यवस्था बदला. शिमानोच्या सात, आठ, नऊ स्पीडच्या मागच्या डिरेल्युरचं (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जुळून जातं, पुढच्या तीन दात्यांच्या डिरेल्युरचं बहुतेक वेळा नाही.

एवढं करूनही सायकल नीट बसत नाही. हायब्रिडची आडवी नळी सरळ हँडल गृहीत धरून लांब केलेली असते. वाकड्या हँडलच्या मुठी त्याच्याही पुढे आठ-दहा सेंटिमीटर जातात. तुम्ही ताणलेले राहता आणि महिन्याभरात पुन्हा मधली आडवी दांडी धरून चालवायला लागता. तिथे ब्रेक नसतात.

त्याऐवजी फुकटचं करा. स्टेमच्या (हँडल धरून ठेवणारा आडवा तुकडा) खाली दोन-तीन गोल चकत्या असतात, त्या काढून स्टेमच्या वर घाला. म्हणजे हँडल दोन-तीन सेंटिमीटर खाली येईल. क्रम चुकवायचा नाही : वरची टोपी सोडा, स्टेमचे बाजूचे बोल्ट सोडा, चकत्या वर घ्या, आधी टोपी हलक्या हाताने कसा, हँडलमध्ये खडखड राहत नाही आणि ते अडकतही नाही असं झालं की मग बाजूचे बोल्ट, सहसा ५ न्यूटन-मीटरला, स्टेमवर लिहिलेलं असतं ते. बाजूचे बोल्ट आधी कसले तर टोपी कितीही पिळली तरी खडखड जात नाही. स्टेम उताणा केला तर आणखी खाली जाता येतं. हँडल ६६० मिलिमीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी तीस-तीस मिलिमीटर कापता येतं, पण आधी मुठी आत सरकवून आठवडाभर चालवून बघा. कापलेलं परत जोडता येत नाही.

समोरचा फोर्क स्प्रिंगचा असेल आणि त्याला लॉक असेल तर शहराबाहेर लॉक करा. वाऱ्याने फडफडणारं जॅकेट घालू नका. हसू येईल, पण अंगाला चिकटलेला टी-शर्ट आणि वाकलेली कोपरं यांनी मिळणारा वेग पैशाने घ्यायला गेलात तर बराच महाग पडतो.

प्रश्न : रविवारी पन्हाळा चढतो. वाघबीळच्या पुढे दम निघतो. हलकी रोड बाईक घेतल्यावर चढ सोपा होईल ना?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : लवकर होईल, सोपा होईलच असं नाही. कदाचित अवघड होईल. कारण गिअर.

वेगाचं आधी. सहा टक्क्यांचा पाच किलोमीटरचा चढ धरला, म्हणजे तीनशे मीटर उंची, तर हायब्रिडला चौतीस मिनिटं लागतात, रोड बाईकला एकतीस. या तीन मिनिटांपैकी दीड मिनिट टायरचं आणि दीड वजनाचं. चढाला टायर मोजत नाही कोणी, पण तिथेही त्याचा वाटा वजनाइतकाच निघतो. तुमच्या पोटावर चार किलो जास्त असतील तर ते दीड मिनिट तिथूनही मिळतं. त्याला जास्त दिवस लागतात एवढंच.

आता गिअर. हायब्रिडला पुढे २८ चा लहान दाता आणि मागे ३२ चा मोठा असतो. मिनिटाला सत्तर फेऱ्या फिरवल्या तर सायकल ताशी ८ किलोमीटरने चढते. रोड बाईकला पुढचा लहान दाता बहुधा ३४ चा. मागे २८ असेल तर सत्तर फेऱ्यांना तुम्हाला ११ चा वेग ठेवावा लागतो. १५० वॅटमध्ये सहा टक्क्यांवर मिळतो साडेनऊ. म्हणजे फेऱ्या साठवर येतात, आणि आठ-नऊ टक्क्यांच्या वळणावर पंचेचाळीसच्या आसपास. मग माणूस उभं राहून पायावर पाय देतो, गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं आणि दोष वयाला दिला जातो.

म्हणून दुकानात रंगाच्या आधी मागचे दाते मोजा. ३४ चा मोठा दाता असलेली कॅसेट (मागच्या चाकावरचा दात्यांचा संच) हवी, निदान ३२. घेतलेल्या सायकलीला २८ असेल आणि नंतर ३४ टाकायचा असेल तर मागचा डिरेल्युर लांब पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा खालचा भाग) आहे का ते विचारा, आणि चेनही लांब लागेल. आखूड चेनवर पुढे मोठा, मागे मोठा गिअर पडला की डिरेल्युर खेचला जाऊन त्याचा कान (फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो, कधी आऱ्यांत जाऊन चाकासकट मोडतो.

उताराचंही बघा. रोड बाईकवर वरच्या मुठींवरून ब्रेक दाबताना दोन-तीन बोटांचा जोर अपुरा पडतो. पन्हाळ्यावरून किंवा जोतिबावरून खाली येताना हात खालच्या वळणात हवेत, तिथून पूर्ण दाबता येतं. पहिल्या महिन्यात हे सपाटीवर शिकून घ्या. पावसाळ्यात चढ-उतार करणार असाल तर डिस्क ब्रेकचीच घ्या. ओल्या रिमवर रबराचा ब्रेक आधी पाणी पुसतो, मग धरतो; आणि त्यात मातीची कणी अडकली की दर उताराला रिम घासली जाते.

प्रश्न : घरापासून शिरोली एमआयडीसी नऊ किलोमीटर. रोज सायकलने जातो. रोड बाईकने वेळ वाचेल?
– एक वाचक, कदमवाडी

उत्तर : दोन-अडीच मिनिटं, तीही सिग्नल आणि वाहतूक नसेल तर. डबा, मडगार्ड, कॅरियर, पार्किंगमध्ये मोटरसायकलींचे धक्के हे सगळं धरलं तर हायब्रिडच ठेवा. बऱ्याच रोड बाईकना कॅरियर लावायला भोकंच नसतात.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे रोड बाईक आहेत. मी एकटा हायब्रिडवर. राधानगरी रोडला हळदी गावाच्या पुढे मी सुटतो तो सुटतोच. सायकल बदलल्याशिवाय पर्याय नाही का?
– एक वाचक, संभाजीनगर

उत्तर : तुम्ही ग्रुपमध्ये कुठे चालवता यावर आहे. पुढच्या सायकलीच्या मागच्या चाकापासून अर्ध्या ते एक मीटरवर राहिलात तर हवेसाठी लागणारी ताकद पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होते, कधी त्याहून जास्त. रोड बाईक आणि हायब्रिडमध्ये ढबीचा जेवढा फरक आहे त्यापेक्षा हे जास्त आहे. सुटणारे लोक बहुधा तीन-चार मीटर मागे, आणि बाजूला, मोकळ्या हवेत चालवत असतात. भीती वाटते म्हणून अंतर ठेवतात, अंतरामुळे दमतात, दमले की अंतर वाढतं.

शिकायचं असं : एकाच भरवशाच्या माणसामागे, रिकाम्या रस्त्यावर. नजर त्याच्या चाकावर नाही, खांद्यावरून पुढे. चाकाला चाक आडवं अडकू द्यायचं नाही. त्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक शेजारी आलं आणि तो बाजूला सरकला तर पडणार तुम्ही, तो नाही. वेग जुळवायला ब्रेक मारू नका, पेडल सोडा किंवा अंग थोडं वर उचलून हवा खा. खड्डा आला की पुढच्याने हात खाली दाखवून ओरडायचं, हा नियम आधी ठरवून घ्या. चढावर मात्र आडोशाचा उपयोग नाही, तिथे वेग कमी असतो.

दुसरं, हायब्रिडची माणसं वळण आणि स्पीडब्रेकरनंतर सुटतात. रोड बाईकवाले तिथून जोरात निघतात, तुमचं जड चाक वेग घ्यायला वेळ लावतं. स्पीडब्रेकरच्या आधीच एक-दोन गिअर हलका करून ठेवा.

एवढं करूनही ते ३० ने जात असतील तर तुम्हाला रोड बाईक लागेल किंवा दुसरा ग्रुप. आणि नुसतं लांब अंतर मारायचं असेल तर घाई नाही. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आतली सरासरी. ती हायब्रिडवर आरामात होते.

प्रश्न : वय ५२. मान आणि मनगटं दुखतील म्हणून रोड बाईकला घाबरते. पण दोन तासांनंतर हायब्रिडवरही हात बधिर होतात. काय करावं?
– एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : तुमच्याकडे रोड बाईक घेण्याचं खरं कारण आहे, आणि ते वेगाचं नाही. सरळ हँडलवर तळवा दोन तास एकाच जागी, एकाच कोनात दबतो, म्हणून करंगळीकडची बोटं बधिर होतात. वाकड्या हँडलवर हात ठेवायला तीन जागा मिळतात आणि मुठींवर मनगट सरळ राहतं.

फक्त शर्यतीच्या बांध्याची सायकल घेऊ नका, एंड्युरन्स बांध्याची घ्या. तिची पुढची बाजू उंच आणि आडवा पल्ला आखूड असतो. दोन सायकली तुलना करताना फ्रेमवरच्या ५२-५४ अशा आकड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. कंपनीच्या तक्त्यात स्टॅक (पुढच्या बाजूची उंची) आणि रीच (आडवा पल्ला) हे दोन आकडे असतात. स्टॅक जास्त आणि रीच कमी ती तुमच्यासाठी.

त्याआधी हायब्रिडचं सीट तपासा. अनवाणी उभं राहून भिंतीला टेकून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, त्याला ०.८८३ ने गुणा. ७४ सेंटिमीटर असेल तर ६५.३ येईल. पेडलचे दांडे ज्या मधल्या धुऱ्यावर फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर असावं, हे सुरुवातीचं माप. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळं वजन मनगटावर येतं. नाक समतल करूनच निम्म्या बधिरपणावर फरक पडलेला दिसतो.

प्रश्न : जुनी रोड बाईक मिळते आहे. घेताना काय बघू? आणि घेतल्यावर वेग खरंच वाढला हे कसं समजेल?
– एक वाचक, उचगाव

उत्तर : दुसऱ्याचं आधी. एका दिवसाची सरासरी धरू नका. जाताना २० आणि येताना ३० ने आलात तर सरासरी २५ नसते, २४ असते. वाऱ्याच्या दिवशी आकडा नेहमी पडतो. सकाळी लवकर, वारा नसताना, थांबा न लागणारा पाच किलोमीटरचा एकच तुकडा जाऊन-येऊन करा. नाडी दोन्ही सायकलींवर सारखी ठेवा. नवी सायकल आली की माणूस पहिल्या आठवड्यात नकळत जास्त जोर लावतो, आणि श्रेय सायकलीला मिळतं. नाडीचा पट्टा असेल तर हे लगेच पकडता येतं.

आता जुनी सायकल. चेनवर इंची पट्टी ठेवा : बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन संपली. त्याहून जास्त ताणलेल्या चेनवर सायकल बरेच दिवस चालवली असेल तर कॅसेटही गेली. नवी चेन टाकली की जोर लावताना दात्यावरून उड्या मारते. दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करा. रिम ब्रेक असेल तर रिमच्या घासायच्या पट्ट्यावर नख फिरवा. तिथे खोलगट वाटलं तर रिम पातळ झाली आहे आणि जास्त हवेला उकलू शकते. खालच्या नळीच्या आणि हँडलच्या नळीच्या सांध्याजवळ पेंटखाली आडवी चीर किंवा फुगवटा दिसला तर पुढे बोलू नका. सीटची नळी सोडवून वर-खाली करायला सांगा, वर्षानुवर्षं न हललेली ॲल्युमिनियमची नळी फ्रेममध्ये धरून बसते आणि तुमच्या उंचीला लावताच येत नाही. क्रॅंक (पेडलचा दांडा) हातात धरून आडवा हलवा. खडखड असेल तर बेअरिंग किंवा बोल्ट, बेअरिंग असेल तर स्वस्तात सुटतं.

गिअरची मूठ दहा वेळा वर-खाली करा. आतलं ग्रीस वाळलं असेल तर टिकटिक पकडत नाही, मूठ नुसतीच फिरते. बऱ्याचदा पातळ तेल फवारून, तासभर मुरवून, पुन्हा पुन्हा दाबल्यावर ती चालू होते. पण विकणाऱ्यासमोर फवारायचं नाही, आधी भाव ठरवायचा. शेवटी सायकलीच्या मागे उभं राहून डिरेल्युरच्या पिंजऱ्याकडे बघा. तो चाकाला समांतर नसेल, आत झुकलेला असेल, तर सायकल त्या बाजूला पडलेली आहे. कान बदलता येतो, पण त्या मॉडेलचा कान मिळतो का हे पैसे देण्याआधी विचारा.